थकलेले भाडे, पंधरा दिवसांची नोटीस आणि खेड्यातील भाडेकरूचे हक्क

सुईदोरा

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका बाजारगावात आम्ही बऱ्याच वर्षांपासून भाड्याच्या घरात राहतो. समोरच्या खोलीत माझे शिलाईचे दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड आहे. भाडे महिन्याला २,२०० रुपये आहे. सुरुवातीला मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार केला होता. त्याची मुदत संपल्यावर नवा करार कोणी केला नाही, परंतु भाडे देणे-घेणे पूर्वीप्रमाणेच चालू राहिले.

आमच्याकडचा सगळा व्यवहार हंगामावर चालतो, हे येथील मंडळींना सांगायला नको. गिऱ्हाईक शाळेचे गणवेश उधारीवर शिवून नेते आणि कापसाचा चुकारा हाती आला की पैसे देते. त्यामुळे पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे भाडे मीही एकरकमीच देत असे. जुने घरमालक काकाजी ते आपल्या वहीत लिहून ठेवत, मात्र पावती त्यांनी कधी दिली नाही आणि मीही कधी मागितली नाही. ते वारले, आणि आता भाडे त्यांचे थोरले चिरंजीव घेतात. यंदा पावसाने सोयाबीन गेले, यजमानांचे जिनिंगमधील काम उशिरा सुरू झाले आणि पाच महिन्यांचे ११,००० रुपये थकले. गेल्या आठवड्यात थोरल्या चिरंजीवांच्या वतीने वकिलाची नोटीस टपालाने आली. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत थकबाकी भरावी आणि जागेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा द्यावा, असे तीत लिहिले आहे.

माझ्याकडे आज सहा हजार रुपये आहेत. उरलेली रक्कम कापूस निघाल्यावर देता येईल. पंधरा दिवस उलटल्यावर ते आमचे सामान बाहेर काढू शकतात का, आणि सगळी थकबाकी भरली तर घर टिकेल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

निवृत्त नाझर

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. नोटिशीची मुदत संपली म्हणून घरमालकाला आपले सामान बाहेर काढण्याचा, कुलूप लावण्याचा किंवा दार काढून नेण्याचा कोणताही अधिकार मिळत नाही. त्या मुदतीनंतर त्यांना मिळतो तो केवळ दावा दाखल करण्याचा हक्क. दाव्यात समन्स निघेल, आपण कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्याल, पुरावा होईल आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला तर हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) होईल. त्यावरही आपण जागा सोडली नाही, तर त्यांना दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज) दाखल करावी लागेल. मग न्यायालय ताबा वारंट काढते आणि ते घेऊन बेलीफ (न्यायालयाचा कर्मचारी) येतो. बेलीफ पंचांसमक्ष पंचनामा करतो, सामानाची यादी लिहितो आणि कबजा पावती करून जागा हवाली करतो. हे काम मी नोकरीची बहुतेक वर्षे पाहिले आहे, म्हणून खात्रीने सांगतो की वकिलाच्या कोऱ्या लेटरपॅडवर आलेला कागद आणि बेलिफाच्या हातातील वारंट यांत बरेच अंतर असते, आणि गावातील पुष्कळ कुटुंबे ते अंतर ठाऊक नसल्यामुळे पहिल्या कागदावरच बैलगाडी जुंपतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपले गाव कोणत्या कायद्याखाली येते यावर अवलंबून आहे, आणि नोटिशीला उत्तर देण्यापूर्वी हीच गोष्ट सर्वांत आधी पाहायला हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, परंतु तो राज्यातील प्रत्येक गावाला लागू नाही. त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या आणि शासनाने अधिसूचनेने जोडलेल्या क्षेत्रांपुरताच तो आहे, आणि ती क्षेत्रे प्रामुख्याने शहरी आहेत. आपले गाव त्यात असेल, तर कलम १५ आपल्या पाठीशी उभे राहते. त्यानुसार थकलेल्या भाड्याच्या कारणावरून दावा करायचा असल्यास आधी भाड्याची लेखी मागणी करावी लागते आणि ती पोहोचल्यापासून ९० दिवस थांबावे लागते. दावा झालाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, तीवर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि न्यायालय ठरवील तो दाव्याचा खर्च भरला, आणि निकाल लागेपर्यंत पुढचे भाडे नियमित भरत राहिला, तर त्या कारणावरून त्याला घराबाहेर काढण्याचा हुकूमनामा होत नाही.

गाव त्या क्षेत्रात नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो, आणि तेथे चित्र पालटते. करार संपल्यावरही भाडे घेणे चालू राहिल्यामुळे आपली भाडेदारी महिनेवारी मानली जाईल. अशी भाडेदारी कलम १०६ खाली १५ दिवसांच्या लेखी नोटिशीने संपवता येते. त्यासाठी घरमालकाला कारण दाखवावे लागत नाही, आणि म्हणूनच येथे सगळी थकबाकी भरली म्हणजे घर टिकलेच, असे म्हणता येत नाही. आपल्याला आलेल्या नोटिशीतील १५ दिवसांची मुदत पाहता त्यांच्या वकिलांनी हाच कायदा गृहीत धरलेला दिसतो. त्यांचे गृहीत बरोबर आहे की नाही, हे तालुक्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्या.

जाता जाता जुन्या मंडळींसाठी एक गोष्ट नोंदवतो. आपल्या विदर्भात पूर्वी १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देण्याबाबतचा आणि भाडे नियंत्रण आदेश होता. त्याच्या अंमलाखालील गावांत भाडेदारी संपवण्याची नोटीस देण्यापूर्वी रेंट कंट्रोलरची (भाडे नियंत्रण अधिकाऱ्याची) परवानगी घ्यावी लागे, आणि एकूण तीन महिन्यांचे भाडे थकणे हे परवानगीचे एक कारण होते. १९९९ च्या कायद्याने तो आदेश गेला. तरीही "तीन महिन्यांपेक्षा जास्त थकले तरच काढता येते" आणि "कंट्रोलरच्या परवानगीशिवाय नोटीस चालत नाही" ही दोन वाक्ये गावोगावच्या पारावर अजून ऐकू येतात. त्यांवर विसंबू नका.

तिफणकर

ताईंनी घाबरू नये, असे मला वाटते. बारा वर्षे एका जागेत राहिले की ताब्याने मालकी लागते, असे आमच्याकडे सगळेच म्हणतात. बारा वर्षे होत आली असतील, तर थोडा काळ रेटून न्यावे. शिवाय आपण कूळ ठरता, म्हणून तहसीलदारांकडे कुळाचा अर्ज करता येईल.

तालुका वकील

तिफणकर भाऊ, आपला हेतू चांगला आहे, परंतु हे दोन्ही सल्ले ताईंना खड्ड्यात घालतील. बारा वर्षांचा नियम विरोधी ताब्याचा आहे, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे केलेल्या ताब्याचा. भाडेकरू मालकाच्या संमतीने राहतो आणि भाडे देऊन त्याची मालकी मान्य करत असतो. त्यामुळे तो बारा काय, चाळीस वर्षे राहिला तरी भाडेकरूच राहतो. उलट कैफियतीत असा दावा केला, तर न्यायालयापुढे आपली बाजू प्रामाणिक दिसत नाही. कुळाचे म्हणाल, तर विदर्भासाठी कुळवहिवाट व शेतजमिनीचा १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो शेतजमिनीपुरता आहे. मक्त्याने किंवा बटईने केलेल्या शेताचा वाद तहसीलदारांपुढे जाऊ शकतो, पण राहत्या घराचा किंवा दुकानाचा नाही.

आंतरजालावर फिरणाऱ्या आणखी एका गैरसमजाबद्दल येथेच लिहितो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. तो राज्यांसाठी नमुना आहे, आणि राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्यातील तरतुदी कोणाही घरमालकाला वा भाडेकरूला बांधील नाहीत. दोन महिन्यांची थकबाकी, दुप्पट भाडे वगैरे जे व्हॉट्सॲपवर येते, ते त्या मसुद्यातील आहे आणि महाराष्ट्रातील आजच्या नोटिशीशी त्याचा संबंध नाही.

पांढरमाती

मी अमरावती जिल्ह्यात राहते आणि येथे घरमालकाच्या बाजूने बोलणारी बहुधा एकटीच आहे. आमच्या आईचे औषधपाणी दोन खोल्यांच्या भाड्यावर चालते. भाडेकरूने चार महिने भाडे दिले नाही, हे आम्ही एकवेळ सोसले असते. परंतु त्याने फोन उचलणे बंद केले आणि रस्त्यात दिसला की वाट बदलू लागला, तेव्हा वकील गाठण्यावाचून आमच्यापुढे दुसरा मार्ग राहिला नाही. ताईंनी नोटिशीकडे केवळ शत्रूचा कागद म्हणून पाहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. पुष्कळदा ती बोलणे तुटले म्हणून येते.

हंगामावर भाडे घेण्याची काकाजींची पद्धत त्यांच्या मुलावर बंधनकारक आहे का, हे मात्र मलाही जाणून घ्यायचे आहे. मुलगा नोकरदार असेल आणि घरासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता त्याला दर महिन्याला भरावा लागत असेल, तर दिवाळीची वाट पाहणे त्याला परवडेलच असे नाही.

सुईदोरा

सर्वांचे आभार. पांढरमाती ताई, आमचे बोलणे तुटलेले नाही, परंतु काल ते सुरळीत झाले नाही हे खरे. यजमान सहा हजार रुपये घेऊन गेले होते. चिरंजीवांनी ते घेतले नाहीत. "सगळे आणा नाहीतर घर खाली करा," असे ते म्हणाले. विजेचे मीटर काकाजींच्याच नावावर आहे आणि बिल आम्ही भरतो. मीटर बंद करून घेऊ, असेही त्यांनी सुनावले. माझी दोन्ही मशीन विजेवर चालतात, त्यामुळे वीज गेली तर भाडे फेडण्याचा मार्गच बंद होईल. शिवाय काकाजींना आणखी दोन मुली आहेत. नोटीस एकट्या मुलाने दिली आहे, तर ती चालते का?

तालुका वकील

ताई, आता क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नोटिशीचे उत्तर. १५ दिवस नोटिशीवरील तारखेपासून मोजत नाहीत, ती आपल्याला मिळाली त्या दिवसापासून मोजतात. लिफाफा टाकू नका, कारण त्यावरचा टपालाचा शिक्का पुढे उपयोगी पडतो. उत्तर देण्याची सक्ती नाही, तरी ते द्यावे आणि लेखी द्यावे, कारण न दिलेल्या उत्तराचा अर्थ नोटिशीतील मजकूर मान्य आहे असा लावायला समोरच्याला वाव मिळतो. उत्तरात भाडेदारी कधीपासून आहे, भाडे किती आहे, ते कोणत्या पद्धतीने घेतले जात असे आणि नेमके कोणत्या महिन्यांचे थकले आहे, हे लिहावे. जी थकबाकी खरी आहे ती नाकारू नये. पाच महिने थकले असताना दोनच थकले असे लिहिणारा भाडेकरू पुढे वहीतील एका नोंदीने उघडा पडतो. यजमान सहा हजार रुपये घेऊन गेले, ते नाकारले गेले, ही घटनाही दिनांकासह त्यात आली पाहिजे.

नाकारलेली रक्कम घरात ठेवू नका. ज्या बँक खात्यात पूर्वी कधी भाडे पाठवले असेल, त्यात ती जमा करा आणि शेऱ्यात महिन्याचे नाव लिहा. खाते ठाऊक नसेल, तर मनीऑर्डर करा. ती परत आली, तरी परत आल्याची टपालाची नोंद हाच आपला पुरावा होतो. कायद्याच्या भाषेत भाडेकरू भाडे देण्यास "तयार व राजी" असला पाहिजे, आणि तो तसा आहे हे बोलून सिद्ध होत नाही, कागदाने होते. घरमालकाने ही रक्कम स्वीकारली, तर नोटीस आपोआप रद्द झाली असे मात्र समजू नका. नोटिशीची मुदत संपल्यानंतरच्या काळाचे भाडे भाडेदारी चालू ठेवण्याच्या हेतूने स्वीकारले, तर कलम ११३ खाली नोटीस सोडून दिल्यासारखे होऊ शकते, परंतु तेथे न्यायालय हेतू पाहते. केवळ मागील थकबाकी वसूल केल्याने तसे होत नाही.

हंगामी भाड्याबद्दल पांढरमाती ताईंनी योग्य मुद्दा काढला आहे. वर्षानुवर्षे एकरकमी भाडे विनातक्रार घेतले असेल, तर ती पद्धत उभयतांच्या व्यवहाराचा पुरावा म्हणून मांडता येते, आणि भाडे नियंत्रण कायद्याखालील दाव्यात किंवा तडजोडीच्या बोलण्यात तिचे वजन पडते. पण महिनेवारी भाडेदारी कारण न देता संपवण्याचा घरमालकाचा हक्क त्या पद्धतीने नाहीसा होत नाही. म्हणजे ती ढाल आहे, पण सगळे अंग झाकेल एवढी मोठी नाही. काकाजींची वही मुलाकडे असणार. दावा झाल्यास ती न्यायालयात हजर करण्याची मागणी करता येईल, आणि तोवर आपल्याकडील बँकेचे उतारे, मोबाइलमधील संदेश व शेजाऱ्यांची नावे जमवून ठेवा. आपले गाव भाडे नियंत्रण कायद्याखाली निघाले, तर पावती देणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही कलम ५५ ने त्याच्यावर टाकली आहे. तसा करार नसेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

एकट्या मुलाने दिलेल्या नोटिशीबद्दल मी आशा दाखवणार नाही. वारसांपैकी एक सहमालक इतरांच्या हरकतीशिवाय भाडेकरूविरुद्ध दावा चालवू शकतो, आणि आपण त्यालाच भाडे देत आलात. ग्रामपंचायतीकडून घराचा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) उतारा काढून कोणाची नावे लागली आहेत ते पाहा, पण मुलींच्या नावावर सगळा बचाव उभा करू नका.

विजेचे दोन भाग आहेत. भाडे नियंत्रण कायदा लागू असेल, तर कलम २९ नुसार घरमालकाला वीज वा पाणी यांसारखी आवश्यक सेवा योग्य कारणाविना तोडता येत नाही, आणि ती पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळवता येतो. कायदा लागू नसेल, तरी विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेच्या मालकाला तसेच भोगवटादारालाही (जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही) वीजजोडणी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की वीज ही मूलभूत सुविधा आहे आणि घरमालकाचे ना-हरकत पत्र नाही एवढ्याच कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. तेव्हा महावितरणच्या कार्यालयात स्वतःच्या नावाने अर्ज द्या आणि पोच घ्या. काउंटरवर ना-हरकत मागितली जाईल, हे गृहीत धरून चला. तेव्हा नकार लेखी मागा.

आणि समजा, त्यांनी कुलूप लावलेच. त्या क्षणी भांडत बसू नका. छायाचित्रे घ्या आणि पोलिसांत तक्रार द्या. तेथे "ही दिवाणी बाब आहे" असे उत्तर मिळण्याची शक्यता आहे, तरी तक्रारीची पोच सोडू नका. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. धमकी नुसती तोंडी असेल, तर मनाई हुकुमाचा दावा करता येतो.

पांढरमाती

वकील साहेब, एक विचारते. ताई घरात राहिल्या आणि दावा दोन-तीन वर्षे चालला, तर घरमालकाने तोवर काय करावे? आमच्या बाबतीत हीच भीती होती.

निवृत्त नाझर

ताई, भाडेकरूलाही तो काळ फुकट मिळत नाही. कायदेशीर नोटिशीने भाडेदारी संपल्यावर पुढच्या ताब्याबद्दल न्यायालय नुकसानभरपाई बसवू शकते, आणि ती जुन्या भाड्याइतकीच असते असे नाही. थकलेल्या भाड्याची वसुली तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन करता येते. हरल्यास दाव्याचा खर्च अंगावर पडतो. २,२०० रुपयांच्या घरासाठी दोन्हीकडून वकील, तारखा आणि तालुक्याच्या फेऱ्या यांचा हिशेब केला, तर दोघांचेही नुकसान होते, आणि हे न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या लोकांच्या तोंडावर मी रोज वाचत असे.

म्हणून सुईदोरा ताईंना माझे सांगणे असे की त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनीवर माहिती हवी असेल, तर १५१०० हा क्रमांक आहे. दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तीविरुद्ध अपील होत नाही, म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक तारीख आपल्याला खरोखर झेपेल अशी आहे का, ते पाहा.

सुईदोरा

उद्या तालुक्याला जाते. तडजोडीत मी काय मांडावे? सहा हजार आता, पाच हजार दोन महिन्यांत, आणि चालू भाडे दर महिन्याच्या दहा तारखेला, एवढे मला झेपेल.

तालुका वकील

एवढेच मांडा, त्याहून एक रुपयाही जास्त कबूल करू नका. जागा सोडायचीच असा त्यांचा हट्ट असेल, तर मुलांची शाळा संपेपर्यंतची, म्हणजे एप्रिलअखेरची मुदत मागा. कायद्याने जे ताणून मिळाले असते, ते कित्येकदा अशा मुदतीने शांतपणे मिळते. अनामत रक्कम दिली असेल, तर ती थकबाकीत वळती करायची की जागा सोडताना परत घ्यायची, हेही लिहून घ्या. रक्कम देताना ती कोणत्या महिन्यांच्या भाड्यापोटी आहे, हे पावतीवर किंवा बँकेच्या शेऱ्यात नमूद करा. तसे केले नाही, तर घेणारा ती आपल्या सोयीने कोणत्याही बाकीत जमा करू शकतो आणि वाद पुन्हा तेथूनच सुरू होतो. येताना नोटीस, लिफाफा, मुद्रांकावरचा जुना करार आणि वीजबिले सोबत घेऊन या.